एक खाच पुढे

दर सोमवारी सकाळी साडेसातला आमच्या फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर जीपच्या मागच्या चाकापाशी एका लोखंडी पाइपवर चढून उभा राहायचा. डोक्याला पांढराशुभ्र साफा, अंगात बंद गळ्याचा कोट, पाय अनवाणी, एका हाताने ताडपत्रीची कमान धरलेली आणि चेहरा असा की आता हा माणूस भाषणच ठोकणार. पाना चाकाच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटावर, पाइप पान्याच्या दांड्यावर आणि पाइपच्या टोकावर हे किडकिडीत गृहस्थ. गुडघ्यात वाकून ते एकदा, दोनदा, तीनदा दाब द्यायचे. नट करकरायचा. मग खाली उतरून, साफा सारखा करून ते पलीकडच्या चाकाकडे जायचे. रस्त्याने दूध घेऊन जाणारा गवळीही घटकाभर थांबून बघायचा. ‘हुजूर नटावर चढले’ म्हणजे साडेसात वाजले, असा बुऱ्हाणपुरातल्या आमच्या लोधीपुऱ्याचा भरवसा होता.

हुजूर हे त्यांचं नाव नव्हे. ते स्वतः सगळ्यांना हुजूर म्हणायचे, म्हणून बुऱ्हाणपूरने ते त्यांनाच चिकटवून टाकलं. डॉक्टरसाहेबांना हुजूर, केळी विकणाऱ्या बाईला हुजूर, आडव्या आलेल्या म्हशीलासुद्धा ‘बाजूला व्हावं हुजूर’. मला मात्र ते बाईसाहेब म्हणत. मी दवाखान्याची नर्स, वय वर्षं चोवीस, पगारापेक्षा तोरा जास्त. आजवर मला ‘ए नर्सबाई’ याच्यापलीकडे कोणी हाक मारली नव्हती. पहिल्यांदा ‘बाईसाहेब’ ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

ही दरबारी जीभ त्यांनी माळव्यातून आणली होती. तिथल्या एका लहानशा मराठी संस्थानात ते वीस वर्षं राजेसाहेबांच्या मोटारी चालवत होते. संस्थान विलीन झालं, हत्तीपासून हंड्यांपर्यंत सगळ्याची यादी झाली आणि मोटारखान्याच्या किल्ल्या हुजुरांनी स्वतःच्या हातांनी नव्या अधिकाऱ्याला दिल्या. निरोपाच्या दिवशी राजेसाहेबांनी एकेकाला विचारलं, काय हवं. कोणी शाल मागितली, कोणी राजेसाहेबांचा फोटो. हुजुरांनी पाना मागितला. ‘मागचं चाक आवळायचा मोठा पाना, हुजूर. नव्या लोकांना तो कशाचा आहे हेच कळायचं नाही.’ तोच हा पाना. तो ते जीपमध्ये ठेवत, पण सरकारी यादीत त्यांनी तो कधी चढवू दिला नाही.

मागच्या चाकाचं एवढं वेड का, याचं कारणही ते सांगत, आणि दर वेळी वेगळं सांगत. कधी म्हणत, दसऱ्याच्या मिरवणुकीत मोटारीचं चाक सुटून राजेसाहेबांच्या आधी दरबारात पोचलं. कधी म्हणत, ते चाक दरबारात नव्हे, दिवाणांच्या मुदपाकखान्यात शिरलं. एवढं खरं की चाक कुठेतरी पोचलं होतं आणि मोटार मागे राहिली होती.

त्या नटाला कडेने खाचा होत्या, मुकुटासारख्या. आसाच्या टोकाला एक आरपार भोक. नट आवळला की एक खाच भोकासमोर यायला हवी, म्हणजे त्यातून दोन पायांची पिन घालून पाय उलटे वळवता येतात आणि नट जागचा हलत नाही. आता गंमत अशी, की नट पुरता आवळावा तर खाच आणि भोक हटकून जुळत नाहीत. साधा माणूस काय करेल? नट केसभर ढिला करेल, पिन घालेल आणि मोकळा होईल. हुजूर पुन्हा पाइपवर चढत. ‘भोक जुळलं नाही तर एक खाच पुढे जावं, बाईसाहेब. मागे कधी येऊ नये.’ हे त्यांचं पहिलं कलम. दुसरं कलम असं, की नव्याने बसवलेलं चाक दहा मैल चाललं की थांबून नट पुन्हा आवळायचा, कारण चाक आसावर खरं बसतं ते चालल्यावरच. आणि तिसरं म्हणजे काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही. मी स्वभावाने घाईची. सकाळी निघायला उशीर झाला की मी या तिन्ही कलमांचा उद्धार करत असे. हुजूर ऐकून घेत, ‘आज्ञा’ म्हणत आणि करायचं तेच करत.

जीपला त्यांनी कधी एकटं सोडलं नाही. इच्छापूरच्या जत्रेत आमचा दवाखाना लागायचा, तेव्हा आम्ही सगळे पायऱ्या चढून इच्छादेवीला जाऊन यायचो. हुजूर खालीच. साफा काढून तिथूनच हात जोडायचे. मी एकदा म्हटलं, ‘अहो, देवी काय म्हणेल?’ तर म्हणाले, ‘तिचंही वाहन आहे. तिला कळतं.’ कुठल्याही गावातून निघताना ते आधी दोन्ही मागच्या चाकांपाशी उकिडवे बसत, अंगठ्याने पिन चाचपत, नटावर हातोडीचा एक टोला देऊन कान लावत. मगच गाडीत चढत.

हे सगळं चाललं होतं तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. विलीन संस्थानांतून आलेल्या माणसांना सरकारने कामावर घेतलं होतं खरं, पण जुनी नोकरी नव्याला जोडायची की नाही, हे प्रत्येकाच्या कागदावर ठरायचं होतं. शेरा स्वच्छ असेल तर वीस वर्षं धरली जाणार. एखादा ठपका आला तर ती वीस वर्षं गेली पाण्यात आणि माणूस आज भरती झालेल्या पोराच्या रांगेत. हुजूर याबद्दल एकदाच बोलले होते. ‘संस्थान गेलं, त्याचं वाईट वाटत नाही. राजेसाहेबांचं होतं, त्यांनी दिलं. पण ती वीस वर्षं माझी होती.’

तुकईथडला आम्ही पंधरवड्याने जायचो. तिथला तुळशीराम मिस्त्री बैलगाड्या बांधण्यात पंचक्रोशीत नावाजलेला होता. म्हातारा, एका पायाने अधू, पण नजर सुताराच्या वाकसासारखी धारदार. जीप उभी राहिली की तो काठी टेकत येऊन हुजुरांचं काम बघत बसायचा आणि मान हलवायचा.

‘येवढं आवळतात का चाक? बैल मरून जातीन ना साहेब.’

‘बैल नाहीत हुजूर, इंजिन आहे.’

‘इंजिन झालं म्हनून काय झालं? जीव त्यालेबी हाय. चाक आसावर हलकं फिरलं पायजे. आमी तं वंगन घालतो, बोटभर जागा ठेवतो, तवा गाडी लोन्यासारखी चालते.’

हुजूर समजावून सांगत, की या गाडीत चाक आसावर फिरत नाही, चाकासकट आसच फिरतो, म्हणून दोघं एकजीव हवेत. मिस्त्री सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, ‘तुमचं बराबर असंन. पन चाक ते चाक.’ दोघांना एकमेकांचा मोठा आदर होता, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचं पटलेलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी त्याच मिस्त्रीची सून अडली. दोन दिवस कळा देत होती. घरच्यांनी सुईणीवर भिस्त ठेवली होती. डॉक्टरसाहेबांनी जाऊन बघितलं, मूल आडवं आलेलं. ‘बुऱ्हाणपूरला न्यायला हवी, आत्ताच्या आत्ता.’ मिस्त्रीचा मुलगा कापूस घेऊन बाजाराला गेलेला. गल्ली इतकी अरुंद, की जीप आत जाईना. बाजेवर घालून आणायची तर चार खांदे हवेत, आणि घरात होते तीन. हुजूर जीपपाशी घुटमळले. मिस्त्री म्हणाला, ‘तुमी जा साहेब, मी हाय ना गाडीपाशी.’ आणि हुजूर गेले. माझ्या माहितीत त्यांनी जीप दुसऱ्याच्या भरवशावर सोडली ती एवढी एकदाच.

मी जीपच्या मागच्या भागात गवत आणि गोधड्या पसरत होते. गाडी जराशी हलली म्हणून वाकून पाहिलं, तर मिस्त्री चाकापाशी ओणवा. मला वाटलं, चाकाला हळदकुंकू लावतोय. सून जाणार होती त्या गाडीतून, लावेलच की. मी परत गोधड्यांकडे वळले.

बाज आली. तिला आत घेतलं, उशाशी मिस्त्री बसला, डॉक्टरसाहेब पायथ्याशी. हुजूर नेहमीप्रमाणे मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी हातोडी काढली. ती बाई कण्हत होती. माझा तोल सुटला. मी ओरडले, ‘हुजूर, तुमचा नट गेला खड्ड्यात! इथे बाई जायची वेळ आलीय. उठा!’

ते उठले. ‘आज्ञा,’ म्हणाले आणि गाडीत चढले.

आठ-नऊ मैल ठीक गेले. मग एक कोरडा नाला लागला. उतरलो, पात्रातून गेलो आणि पलीकडच्या चढाला इंजिन नुसतंच गरजू लागलं. गाडी जागची हलेना. हुजुरांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि उजव्या मागच्या चाकाची पिन काढली. नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवला. एवढा जन्माचा आवळलेला नट डबीच्या झाकणासारखा फिरला. आस आणि चाक एकत्र धरणारा पोलादाचा एक बोटभर तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. ती तुटून गेली होती.

तेवढ्यात आतून मिस्त्रीचा आवाज आला, आणि त्यात चांगला अभिमान होता. ‘ते म्या ढिलं केलं साहेब. तुमच्याच पान्यानं, दोन खाचा, अन पिन परत घातली. सूनबाईले धक्के बसू नये म्हनून.’

  मिस्त्रीने आपल्या जन्मभराच्या विद्येने सुनेवर माया केली होती. आणि ज्या एका टोल्याने हे तुकईथडलाच कळलं असतं, तो मी मारू दिला नव्हता. हुजुरांनी पाना बाहेर काढला. मग म्हणाले, ‘मिस्त्री, खाली उतरा. तुमचं वजन हवंय.’

त्यांचं म्हणणं असं, की चावी नसली तरी चाक आसावर पुरतं दाबून बसवलं तर धरून ठेवेल, आणि ओढायचं काम पुढच्या चाकांकडून करून घेऊ. या जीपची पुढची चाकंही इंजिनला जोडता येत. पाना लागला, पाइप चढला. हुजूर टोकावर उभे राहिले. नट फिरला आणि अडला. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी चढले. चोवीस वर्षांची नर्स आणि पन्नाशीचा ड्रायव्हर एका पाइपवर, एकमेकांचे दंड धरून. आणखी थोडा फिरला. भोक जुळायला अर्धी खाच उरली होती.

‘अर्धी खाच मागे घ्या, पिन घाला आणि चला!’ मी म्हटलं. आतून तिची किंकाळी आली.

‘मागे नाही, बाईसाहेब.’ घामाने त्यांचा साफा भिजला होता, पण आवाज सोमवारचाच होता. ‘मिस्त्री, या.’

मिस्त्रीने काठी टाकली, पाइपवर पोट टेकलं आणि ‘माय इच्छादेवी!’ म्हणून सगळा भार टाकला. नट करकरला. भोक जुळलं. नवी पिन आत गेली.

पुढची चाकं ओढायला लागली आणि जीप चढावर आली. त्यानंतर दहा मैलांवर हुजुरांनी भर रस्त्यात गाडी थांबवली. या खेपेला त्यांनी पाना लावायच्या आधी मी पाइप घेऊन उभी होते. दिवे लागायच्या आत आम्ही इस्पितळाच्या दारात होतो. मुलगी झाली. दोघी वाचल्या. मिस्त्री इस्पितळाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला आणि मग काठी टेकत जीपपाशी जाऊन त्या चाकाला हात लावून आला.

जीपचा आस मात्र कामातून गेला होता. सुटे भाग येईपर्यंत पाच आठवडे ती उभी राहिली आणि जिल्ह्याहून मोठ्या साहेबांचं पत्र आलं, खुलासा करा. हुजुरांनी मोजून तीन ओळी लिहिल्या. गाडी माझ्या ताब्यात होती. निघण्यापूर्वी मी नट तपासला नाही. चूक माझी आहे.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ‘नट तुम्ही ढिला केला का?’

‘मिस्त्रीच्या इल्मात चाक ढिलंच लागतं, बाईसाहेब. तो त्याच्या इल्मात चुकला नाही. मी माझ्या इल्मात चुकलो. त्याच्या दारात शिपाई पाठवून काय जोडलं जाणार आहे?’

‘आणि तुम्हाला उठवलं कोणी?’

यावर ते फक्त हसले. मी रागारागाने घरी गेले आणि माझा जबाब लिहिला. नट तपासायला बसलेल्या ड्रायव्हरला मी, नर्स, ओरडून उठवलं, जबाबदारी माझी. मिस्त्रीबद्दल लिहिलं नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. पाकीट बंद केलं, मोठ्या साहेबांचं नाव घातलं आणि हुजुरांच्याच हातात दिलं, कारण जिल्ह्याची डाक तेच नेत असत.

सहा महिन्यांनी हुकूम आला. मागील नोकरी जोडता येणार नाही, नवीन भरती समजावी. मी ऑफिसातच रडले. हुजूर म्हणाले, ‘रडता काय? एका कागदाने वीस वर्षांनी तरुण झालो.’ आणि सोमवारी साडेसातला पुन्हा पाइपवर. मी मात्र त्या मोठ्या साहेबाला माफ केलं नाही. माझा जबाब वाचूनही या दगडाला पाझर फुटला नाही, म्हणून दोन वर्षं मी त्याच्या सात पिढ्यांना रोज न चुकता शिव्या घातल्या.

मग राज्यं नव्याने आखली गेली, माणसं इकडची तिकडे झाली आणि हुजुरांची बदली माळव्यात निघाली. स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. पत्र्याची एक ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेला पाना, एवढंच सामान. गाडी येताना दिसली तेव्हा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. माझंच अक्षर. बंदच होतं, कडा तेवढ्या मऊ झालेल्या.

‘एवढी एक डाक माझ्याकडून पोचली नाही,’ ते म्हणाले. ‘आपली नोकरी कोवळी होती. भोक जुळत नव्हतं, म्हणून मी एक खाच पुढे गेलो. माफी असावी.’

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भर फलाटावर आवाज चढवून बोलले आणि बोलताना रडत होते. ते साफा सारखा करत ऐकत राहिले. गाडी सुटली तेव्हा दारात उभे राहून त्यांनी मुजरा केला, तो मला की गाडीखालच्या चाकांना, कळलं नाही.

स्टेशनवरून मी घरी गेले नाही. तडक पोस्टात गेले. तेच पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलं, वर आणखी एक कागद जोडला, की हा जबाब अडीच वर्षं उशिरा पाठवते आहे, पण मागे घेत नाही, आणि रजिस्टर करून मोकळी झाले. त्या बिचाऱ्या मोठ्या साहेबाला मी उगाच शिव्या घातल्या होत्या. वर्षभराने त्याचा हुकूम आला. ड्रायव्हरची पूर्वीची वीस वर्षं जोडण्यात यावीत. माझ्या सेवापुस्तकात एक शेरा चढला, लाल शाईचा. ‘वाहनाच्या तपासणीत अडथळा आणला.’ पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कुठे आहेत मला ठाऊक नाही. पण त्या शेऱ्याची नक्कल मी मागून घेतली, ती कपाटात आहे.

त्या दसऱ्याला हुजुरांचं पोस्टकार्ड आलं. ‘बाईसाहेबांस मुजरा. वीस वर्षे बसली. दहा मैलांनी पुन्हा आवळून पाहावे.’ मी उलट टपाली लिहिलं, ‘आवळलं. घट्ट आहे.’ पुढच्या दसऱ्याला त्यांचं पुन्हा कार्ड, माझं पुन्हा उत्तर. मजकूर तोच. माझं लग्न झालं, मुलं झाली, ते निवृत्त झाले, पण कार्ड चुकलं नाही. तुळशीराम मिस्त्रीची नात बोहल्यावर चढली ते मी एका कार्डावर जास्तीचं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी विचारलं होतं, वरात कशातून गेली आणि चाकं कोणी पाहिली.

एका दसऱ्याला कार्ड आलं नाही. मी आठ दिवस वाट पाहिली. मग टेबलाशी बसले आणि त्याच पत्त्यावर लिहिलं, ‘आवळलं. घट्ट आहे.’ आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकून आले.